टोनआर्मचा दोष

माझ्या मित्राकडे गाणं ऐकायला जायचं म्हणजे चपला बाहेर, मोबाइल बाहेर आणि जमलं तर खोकलाही बाहेर ठेवून जायचं. बुलढाण्याच्या कोर्टातही इतके नियम नाहीत. मी जन्मभर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं, त्यामुळे सत्ता कुठे कुठे दडून बसते याचा थोडाफार अभ्यास आहे. पण एका खुर्चीच्या जोरावर चालणारं राज्य मी त्याच्याच घरी पाहिलं.

ती खुर्ची खोलीच्या बरोबर मध्यावर असते. समोर माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर. आवाज खरा ऐकू येतो तो फक्त त्या खुर्चीवर, असं मित्राचं म्हणणं, आणि खुर्चीवर तोच बसतो. उरलेले आम्ही, म्हणजे मी आणि आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर, बाजूच्या दिवाणावर बसून माना हलवतो. जे आपल्याला ऐकू येण्याची सोयच नाही त्याची तारीफ करायला एक प्रकारची श्रद्धा लागते. डॉक्टरांकडे ती भरपूर आहे. गाणं संपलं की ते डोळे मिटूनच म्हणतात, "काय हवा आहे दोन आवाजांमध्ये!" माझ्या वाट्याला हवा येते ती पंख्याची, आणि तोही गाणं चालू असताना बंद असतो.

मित्र पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाला. त्याच्या कालव्याचं पाणी शेवटच्या गावापर्यंत काही पोचलं नाही. आता तो टर्नटेबलच्या चारी बाजूंना पाणसळ ठेवून बुडबुडा मध्यावर येईपर्यंत श्वास रोखून बसतो. हे मी त्याला तोंडावर बोललो आहे. तो म्हणाला, कालव्याच्या उतारात राजकारण असतं, टर्नटेबलात नसतं. उत्तर चांगलं होतं. शेवटच्या गावातल्या लोकांना ते कळवावं असं मात्र वाटलं.

एवढी थट्टा केल्यावर त्याची बाजूही सांगितली पाहिजे. तो मूळचा देऊळघाटचा. वडलांची गायन पार्टी होती. जयंतीच्या दिवसांत ही मंडळी गावोगाव फिरत. पेटी आणि मुख्य आवाज वडलांचा, ढोलकी चुलत्याची, आणि मागे कोरसला चार बाया: आई, मावशी आणि वस्तीतल्या आणखी दोघी. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने या पार्टीची एक छोटी रेकॉर्ड काढली. थाळीपेक्षा लहान, वाटीपेक्षा मोठी. कंपनी पुढे बुडाली, पार्टी पांगली, रेकॉर्ड राहिली.

आई गेली तेव्हा मित्र पहिल्याच नोकरीवर होता. घरात टेपरेकॉर्डर होता. पण त्या काळी वडलांचं गाणं टेप करून ठेवावं हे कुणालाही सुचायचं. आईचं बोलणं टेप करावं हे कुणाला सुचलं नाही. तेव्हा तिचा आवाज जगात एकाच जागी उरला, त्या रेकॉर्डवर, चार बायांच्या मधे कुठेतरी. तो वेगळा काढून ऐकायचा, एवढीच त्याची इच्छा. बाकीचा सगळा पसारा त्या इच्छेच्या पोटी जन्मलेला आहे, आणि पसाऱ्याला हे आता आठवतही नसेल.

आई कोणती हे त्याने फार पूर्वीच ठरवून टाकलं होतं. तिसरा आवाज. थोडा जड, थोडा थकलेला, ओळीच्या शेवटी खाली बसणारा. "ही माय," तो म्हणायचा आणि बोट वर करायचा. डॉक्टर त्याच्या पुढे गेले होते. माउली डावीकडून तिसऱ्या उभ्या आहेत आणि अर्धं पाऊल मागे आहेत, असं त्यांनी एका रविवारी जाहीर केलं. मला हाताला लागेल ते वाचायची खोड आहे. मी रेकॉर्डचं लेबल वाचलं. त्यावर 'मोनो' असं छापलेलं होतं. म्हणजे डावं-उजवं काही नाही; दोन्ही स्पीकरांतून एकच एक आवाज. मी हे आपलं हळूच बोलून पाहिलं. मित्राने लगेच पुण्याला फोन लावला.

पुण्याला एक तज्ज्ञ राहतात. त्यांची ओळख मित्राला इंटरनेटवर झाली. लोकांच्या घरी जाऊन टर्नटेबल जुळवून देणं हा त्यांचा व्यवसाय, आणि बोलण्याची ढब अशी, की समोरच्याला आपण आजवर बहिरे होतो याची लाज वाटावी. त्यांनी माझी शंका ऐकून घेतली आणि शांतपणे म्हणाले, "मोनोमध्ये रुंदी नसते, पण खोली असते. ऐकणाऱ्याला ती कळते." शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. घरी येऊन मी बायकोला ते ऐकवलं आणि आम्ही दोघं बराच वेळ हसलो. त्या हसण्याकडे पुढे परत यावं लागलं, म्हणून इथे त्याची नोंद करतो.

या सगळ्यात एक अडचण होती. गाण्याच्या शेवटच्या धृपदात, तिसरा आवाज खाली बसायच्या सुमारास, रेकॉर्ड फाटायची. म्हणजे तसा आवाज यायचा. वाऱ्याने पत्रा उचलावा तशी खर्रर्र, आणि तिच्यात सगळ्या बाया बुडून जायच्या. मित्र दरवेळी त्या जागेच्या जरा आधी खुर्चीचे हात घट्ट धरायचा. डॉक्टर जबडा धरायचे. आई ऐन शेवटाला हाताशी आली असं वाटावं आणि तेवढ्यात कुणीतरी दार आपटावं, असं ते होतं.

पुण्याच्या तज्ज्ञांनी फोनवरच निदान केलं. दोष टोनआर्मचा. सुई ज्या दांड्याच्या टोकाला असते तो दांडा म्हणजे टोनआर्म, हे मला तोवर कळलं होतं. मित्राचा आर्म जुना, त्याच्या खुब्यातल्या बेअरिंगा ढिल्या. आवाज मोठा झाला की सुई खाचेत उसळते आणि हा दांडा तिला आवरू शकत नाही. आर्म बदला, खरखर जाईल आणि माउली वर येतील.

आर्म बदलायचं ठरलं. मग कळलं, नवा आर्म जुन्या टर्नटेबलवर बसत नाही. म्हणून टर्नटेबल नवं. तसंही जुन्याचा, तबकडी फिरवणारा रबरी पट्टा सैल झालेला होता. नवं टर्नटेबल इतकं जड की जुनं टेबल त्याखाली लवलं असतं, म्हणून काळ्या दगडाचा स्टँड. दगडाला फरशीची थरथर पोचू नये म्हणून त्याखाली पितळी पाय. पोरीला बांगड्या भरायला निघालेला माणूस मंडपाची सुपारी देऊन परत यावा, तसं ते झालं.

एवढं झाल्यावर तज्ज्ञांना वीज आठवली. आमच्याकडची वीज मळकी आहे, असं ते म्हणाले. वीज येते की जाते एवढाच विचार आम्ही आजवर केला होता. ती धुतलेली असावी ही अपेक्षा नवीन होती. मग परसात खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून वेगळं अर्थिंग केलं. तो खड्डा ओला राहायला हवा, म्हणून त्यात रोज बादलीभर पाणी. वहिनींनी हे पाणी घालायचं काम स्वीकारलं, पण जीभ मोकळी ठेवून. "नळाले पानी आठवड्याच्या वर येते," त्या मला म्हणाल्या, "अन् आम्ही खड्ड्याले पाजून राह्यलो. शेजारीन इचारते, काय लावलं म्हने वहिनी खड्ड्यात. म्या सांगतलं, सासूबाईचा आवाज लावला. उगवन तवा खरं."

टर्नटेबल आलं ते चिखलीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात. बुलढाण्याला पोचवायला त्यांची गाडी नव्हती, म्हणून आम्ही दोघे जीप करून आणायला गेलो. खोक्यावर चारी बाजूंनी बाण काढलेले होते आणि ते सगळे वर दाखवत होते. आम्ही पोचलो तेव्हा ते सगळे खाली दाखवत होते, आणि वर सोयाबीनची पोती होती. मित्राचा चेहरा पाहून हमाल म्हणाला, "साहेब, काही होत नाही. कालच याच्यावर बसून आम्ही जेवलो." येताना मित्राने ते खोकं मांडीवर घेतलं. रस्त्याच्या प्रत्येक वळणाला तो त्याला वरून हात लावून धरायचा. मी त्याला विचारलं, तुझ्या पोराला असं कधी धरलं होतंस का. तो म्हणाला, "पोरगं असं उलटं ठेवलं नव्हतं बे कोनी."

मग तज्ज्ञ स्वतः आले. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी मला विचारलं, बुलढाणा मराठवाड्यात येतं ना. मी म्हटलं, अजून नाही. जेवणात वहिनींनी वांग्याची भाजी केली होती. ती त्यांनी दह्यात धुऊन खाल्ली. त्यानंतर पांढरे सुती हातमोजे चढवले, डोळ्याला घड्याळजींसारखं भिंग लावलं, आणि दुपारभर ते त्या दांड्यापुढे वाकून बसले. सुईचा दाब मोजायला इवलासा काटा होता. चिखलीच्या बाजारात धान्याला असा काटा लावला असता तर निम्मे व्यापारी संन्यास घेते. मधेच त्यांनी आम्हाला श्वास हळू घ्यायला सांगितलं. डॉक्टरांनी तो बंदच केला असावा, कारण त्यांचा रंग बदलला.

अखेर सुई टेकली.

मी थट्टा करायच्या तयारीने गेलो होतो, तेव्हा खरं सांगणं भाग आहे. फरक होता. पेटीचा भाता आत-बाहेर होताना त्याचा श्वास ऐकू आला. ढोलकीवरचं बोट कळलं. वडलांनी ओळ घेण्याआधी घसा साफ केलेला कळला. दिवाणावर बसूनही कळला. माझी पंचाईत झाली. एखाद्या बुवाची भोंदूगिरी पाहायला जावं आणि त्याने खरोखरच कुणाचा ताप उतरवावा, तशी.

मग कोरस आला, आणि मित्राने बोट वर केलं नाही.

तिसरा आवाज होता, पण तो पोरीचा होता. पातळ, टोकदार, जरा चढेल. जडपणा गेला होता, थकवा गेला होता. तज्ज्ञांनी समजावलं, जुना पट्टा सैल असल्यामुळे रेकॉर्ड हळू फिरायची आणि आवाज खाली यायचे. आता वेग बरोबर आहे. म्हणजे मित्र इतकी वर्षं ज्याला आईचं थकलेपण समजत होता तो रबराचा थकवा होता. सवयीने त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. आणि तेवढ्यात शेवटचं धृपद आलं.

खरखर गेली होती, तज्ज्ञांनी शब्द पाळला होता. पण तिच्या जागी एक हाक होती. लांबून आलेली, सगळ्यांच्या वर चढलेली, सुराला जेमतेम धरून असलेली, आणि बाकीच्या थांबल्यावरही क्षणभर चालूच राहिलेली. डॉक्टर दचकले. तज्ज्ञांनी भिंग काढून ठेवलं आणि समाधानाने म्हणाले, "आता सिद्ध झालं. दोष आर्ममध्ये नाही, रेकॉर्डिंगमध्ये आहे. स्टुडिओच्या बाहेर कुणीतरी ओरडलं असणार." रोग औषधात नसून रोग्यात आहे हे सिद्ध करणाऱ्या वैद्याची ती मुद्रा होती. यावर उपाय म्हणून त्यांनी एक मऊ स्वभावाची सुई सुचवली. ती असले कर्कश आवाज पोटात घालते म्हणे. पाठवून देतो, असं सांगून ते उजेड आहे तोवर घाट उतरायला म्हणून निघून गेले.

पुढचे दोन रविवार मित्राने आम्हाला बोलावलं नाही. मी आपला असाच एका संध्याकाळी गेलो तर तो ओट्यावर बसला होता. "हे पोरगी कोन होय रे," त्याने मला विचारलं. खोलीत तो प्रमाण भाषा बोलतो. ओट्यावर आला की देऊळघाटला परत जातो. "मायी माय अशी नव्हती. मले आता जुना आवाजही आठवत नाही, अन् नवा वळखू येत नाही." थट्टेच्या माणसाकडे अशा वेळी खिसे चाचपण्यापलीकडे काही नसतं.

आतून वहिनी म्हणाल्या, "देऊळघाटच्या मावशीले काऊन नाही इचारत? गायाले तं तेही होती."

मला आश्चर्य याचं वाटलं की हे आजवर कुणालाच सुचलं नव्हतं. देऊळघाट हाकेच्या अंतरावर. मावशी धडधाकट. त्या कोरसातली जिवंत उरलेली एकटीच बाई. पुण्याहून माणूस आला, कोळसा-मीठ आलं, पितळी पाय आले, मावशीच आली नव्हती. मित्राचं म्हणणं, इचारायचं काय, आपल्याले माहीतच होतं. ज्याची खात्री असते, ते माणूस विचारत नाही. राज्यशास्त्रात यावर अख्खे ग्रंथ आहेत.

मावशी आली. विहारात अजूनही वंदना तीच उचलते, आणि दुसरी कुणी उचलली तर तिच्या तोंडाकडे पाहत राहते, असं वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं. मित्राने तिला मानाने मधल्या खुर्चीकडे नेलं. तिने खुर्ची पाहिली, शेजारच्या डॉक्टरांना पाहिलं. "इथं बसलं की दात काढतीन असं वाटते," ती म्हणाली आणि दाराशी जमिनीवर भिंतीला टेकून बसली. आवाज तिथे अजिबात खरा येत नाही, हे तिला सांगायची कुणाची छाती झाली नाही.

रेकॉर्ड लागली. मित्राच्या वडलांच्या पहिल्या ओळीला मावशीने, भाऊजी म्हणून, पदर सारखा केला. कोरस आला तशी तिची बोटं गुडघ्यावर वाजू लागली. तिसऱ्या आवाजाला ती सरळ मित्राकडे वळली.

"हा माया आवाज."

"मावशी, हे माय होय," मित्र म्हणाला. त्याचा स्वर विनवणीचा होता.

"तुई माय? तुया मायचा आवाज असा गोड होता का बे?" मावशी मनापासून दुखावली होती. "तिले कोन उभं करते माइकसमोर? एकच माइक होता. ते कंपनीचं मानूस म्हने, हे बाई मागं सरका. ते सरकली. म्हने अजून मागं. असं करत करत दाराले नेऊन लावलं तिले. तरी तिचाच आवाज पुढं. मग म्हने, बाई, तुमी फकस्त टाळी वाजवा, तोंड उघडू नका."

गाणं पुढे चाललं होतं. आता टाळी ऐकू येऊ लागली; ती आधीपासूनच होती, आम्ही आवाजाच्या मागे लागलो होतो.

"अन् मग?" मित्राने विचारलं.

"अन् मग काय. राह्यते का ते गप? आयक आता."

शेवटचं धृपद आलं. हाक उठली, लांबून, दारापासून, सगळ्यांच्या डोक्यावरून, आणि बाकीच्या थांबल्या तरी थांबली नाही.

"हे तुई माय," मावशी म्हणाली. "सगळं बिघडवून ठेवलं. भाऊजी गाडीत बसेपावेतो बोलले नाही तिच्याशी. परत गाऊन घ्यायले कंपनीवाला तयार नव्हता."

मित्राने सुई उचलली नाही. ती रिकाम्या खाचेत टकटक फिरत राहिली. मग तो माझ्याकडे पाहून, अगदी हळू, म्हणाला, "पैनगंगेच्या पात्रातून मले अशीच बोलवे. पुरा गाव आयके."

मी त्याच्या आईला पाहिलं होतं, शाळेच्या दिवसांत, एकदोनदा. तिची हाक मी ऐकली नव्हती. पण ती हाक बंद पाडण्यासाठी या घरात काय काय आलं हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. दांडा आला, दगड आला, खड्ड्यात मीठ गेलं. आणि त्या दांड्यानेच तिला दारातून आत आणलं होतं. पुण्याचा माणूस मोनोत खोली असते म्हणाला होता. होती, ती माइकपासून दारापर्यंतची होती. आम्ही नवराबायको ज्यावर हसलो होतो ते वाक्य त्या दिवसापासून मी कुणाला सांगत नाही.

एकदा वाजवलेली जागा त्याच दिवशी पुन्हा वाजवायची नाही, सुईने खाच तापते, तिला विसावा द्यावा लागतो, हा त्या खोलीतला सगळ्यात कडक नियम. मी एकदा एक गाणं पुन्हा लाव म्हटलं होतं, तर डॉक्टरांनी माझ्याकडे जेवणानंतर गोड मागणाऱ्या मधुमेह्याकडे पाहावं तसं पाहिलं होतं. त्या दुपारी मित्राने ती जागा पुन्हा लावली. मग पुन्हा. हातमोजे न घालता, नुसत्या बोटाने दांडा उचलून, अंदाजाने शेवटच्या धृपदावर टेकवून. नेम चुकला की सुई घसरायची आणि डॉक्टर डोळे मिटून घ्यायचे. मधली खुर्ची रिकामीच होती. मित्र मावशीजवळ दाराशी जाऊन बसायचा, संपलं की उठायचा.

पुण्याची मऊ सुई नंतर आली. ती खोक्यासकट परत गेली. दोष तसाच राहू द्या, एवढं त्याने फोनवर सांगितलं. तिकडून बराच वेळ काहीतरी समजावलं जात होतं आणि हा नुसता हो हो म्हणत होता.

पण ते नंतरचं. त्या दुपारी किती वेळ ते चाललं असतं कोण जाणे. वहिनी चहा घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या त्या ट्रे हातात घेऊनच ऐकत राहिल्या. शेवटी मावशीलाच सहन झालं नाही.

"झालं ना आता," ती म्हणाली. "कवापासून तिचंच लावून राह्यला. जित्तेपनी तिनं मले गाऊ देल्लं नाही, आता तू नको देऊ. आता पयल्यापासून लाव. मायं आयकू दे."

मित्र उठला. त्याने रुमालाने सुई पुसली, जे कधीच करायचं नसतं, आणि मावशीसाठी रेकॉर्ड पहिल्यापासून लावली.